ट्रेकला किंवा पुरात पाणी पिण्याआधी हे करा
हरिहर-अंजनेरीला टाक्यातलं पाणी भरताय, नाहीतर गोदेला पूर आलाय नि घरच्या नळालाही गढूळच येतंय, तर आधी सुती कापडाच्या चार घड्या करून त्यातून गाळा, लईच गढूळ असेल तर तुरटी दोन-चारदा फिरवून ठेवून द्या, गाळ तळाला बसला की वरचं निवळ पाणी अलगद ओतून घ्या. तुरटीच्या भरवशावर राहू नका हां, पाणी दिसायला स्वच्छ, जंतू तसेच! मग उकळा. खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट, कळसूबाईवर (१६४६ मीटर) पण तेवढं पुरतं. गॅस नसेल तर क्लोरीनची गोळी, पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच लिटरला, नि निदान ३० मिनिटं थांबायचंच. द्राक्षबागेशेजारच्या शेततळ्याचं पाणी मात्र नकोच, फवारणीचं औषध उकळून जात नाही.