इराणी चहा आणि ब्रून मस्का, घरच्या घरी

इराणात चहा बिनदुधाचा, साखरेचा खडा दातात धरून पितात. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून याझ्द-केरमानकडचे झरतुष्टी मुंबई-पुण्यात आले, त्यांनी नाक्यानाक्यावर हॉटेलं थाटली आणि इथल्या जिभेसाठी चहात दूध आलं. सोबतचा पाव (ब्रून म्हणजे कडक कवचाचा पाव) पोर्तुगीजांचा, मस्का म्हणजे लोणी हा शब्द फारसी, चहापत्ती आसामची. एवढ्या भानगडीतून बनलेल्या बशीला आपण बिनदिक्कत ‘आपली’ म्हणतो!

खरी मेख एकच: कोरा चहा आणि दूध वेगवेगळं शिजवायचं. हैदराबादच्या इराणी हॉटेलांतली दमाची रीत घरी बरी जमते.

चार छोट्या कपांसाठी साडेतीनशे मिली पाणी उकळा. त्यात १५ ग्रॅम, म्हणजे तीन सपाट मोठे चमचे, डस्ट किंवा बारीक दाणेदार पत्ती, चार चमचे साखर आणि दोन ठेचलेल्या वेलच्या घाला. मोठ्या पानांचा चहा नको, रंगच चढत नाही. पातेलं निम्मंच भरलेलं असू द्या. झाकण कणकेने लिंपून तव्यावर ठेवा, आच अगदी मंद, २० मिनिटं. मधेच झाकण उघडून वास घेण्याचा मोह आवरा, दम तिथेच जातो. अर्धा तास उलटला की चहा तुरट होतो, मग साखर कितीही ओता.

तोवर ४०० मिली म्हशीचं दूध जाड बुडाच्या भांड्यात आटवून पावणेतीनशेवर आणा. कडेची साय खरवडून परत दुधात ढकलत राहा. त्यापुढे गेलात तर बासुंदी होईल.

कपात आधी गाळलेला कोरा चहा अर्धा, वर तेवढंच गरम दूध. एकत्र करून पुन्हा उकळू नका. तसं केलं की तो आपला नेहमीचा टपरीचा चहा होतो. टपरीचाही वाईट नसतो, पण मग कणीक कशाला वाया घालवायची?

ब्रून शिळा झाला असेल तर पाण्याचा हलका हबका मारून १८० अंशांच्या ओव्हनमध्ये चार मिनिटं ठेवा. मायक्रोवेव्हमध्ये तो आधी मऊ आणि लगेच चिवट होतो. आडवा चिरा, फ्रिजबाहेर तासभर ठेवलेलं लोणी कडेपर्यंत फासा आणि उभ्या पट्ट्या कापा. बुडवायचा दोन-तीन सेकंद. कवच कडक म्हणून तेवढं सोसतो. बन मस्का तेवढा वेळ बुडवलात तर चमचा जवळ ठेवा.