मागच्या उजेडात फोटो काढताना

चहाच्या पेल्यातून निघणारी वाफ समोरून पडलेल्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही, कारण तिच्यातले बारीक जलकण प्रकाश मुख्यतः पुढच्या दिशेने विखुरतात. म्हणून पेला खिडकी आणि कॅमेरा यांच्या मध्ये ठेवावा आणि वाफेमागे गडद पडदा किंवा सावलीतली भिंत येईल अशा बेताने कॅमेरा थोडा बाजूला सरकवावा.

माणसाच्या फोटोत अडचण वेगळी असते. मागचा लख्ख उजेड पाहून कॅमेरा सगळे दृश्यच उजळ धरून चालतो आणि चेहरा काळवंडतो, तेव्हा एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला फोटोचा उजळपणा, म्हणजे एक्स्पोजर, कमी-जास्त करायची सोय) +१ ते +२ पर्यंत वाढवावे. मोबाइलवर चेहऱ्यावर बोट टेकवून एक्स्पोजरची पट्टी वर सरकवली तरी भागते. पार्श्वभूमी पांढरी पडली तर खुशाल पडू द्यावी. केसांभोवतीची उजळ कड मिळत असेल तर हा सौदा महागाचा नाही. चेहऱ्यावर उजेड परतवायला समोर धरलेला पांढरा ड्रॉइंग पेपर पुरतो, आणि माझ्या मते फ्लॅशपेक्षा तो केव्हाही बरा. केवळ छायाकृती हवी असेल, तर एक्स्पोजर आकाशाच्या उजेडावरून ठरवावे.

ऊन थेट लेन्सवर पडून फोटो धुरकट येत असल्यास वरून तळहाताची सावली धरावी. त्याआधी लेन्सची काच पुसावी, कारण एरवी लपणारे बोटांचे तेलकट ठसे अशा उजेडात हमखास उमटतात.