अख्ख्या इमारतीतली झुरळं एकदम कशी काढायची

एकाच फ्लॅटमध्ये किंवा एकाच गाळ्यात औषध मारून इमारतीतली झुरळं जात नाहीत. ती पाइपांच्या डक्टमधून, म्हणजे सगळ्या मजल्यांचे पाइप जातात त्या उभ्या पोकळीतून, शेजारी सरकतात आणि औषधाचा जोर ओसरला की परत येतात. खाली खानावळ किंवा किराणा दुकान आणि वर बिऱ्हाडं, अशा इमारती सोलापुरात पेठापेठांतून आहेत. तिथे सगळा दोष खानावळवाल्याच्या माथी मारतात, पण डक्ट तर सगळ्यांचाच असतो. म्हणून सोसायटीने किंवा मालकाने एक दिवस ठरवून सगळ्या खोल्या, गाळे आणि डक्ट एकाच वेळी करून घ्यावेत. घरात दम्याचं मूल असेल तर हे टाळूच नये. झुरळांच्या विष्ठेने आणि कातीने दमा उसळतो.

आधी झुरळ ओळखा, कारण इलाज त्यावर ठरतो. जेमतेम दीड सेंटिमीटरचं, फिकट तपकिरी, डोक्यामागे दोन काळ्या उभ्या रेघा असलेलं ते जर्मन झुरळ. ते मुख्यतः स्वयंपाकघरात राहतं. साडेतीन-चार सेंटिमीटरचं, तांबूस, ते अमेरिकन. ते गटारातून, चेंबरमधून वर येतं.

मोठ्याचा बंदोबस्त सोपा आहे. सोलापुरी उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की बंद फ्लॅटमधल्या नहाणी ट्रॅपचं, म्हणजे नहाणीच्या जाळीखालच्या वळणात साठून राहणारं, पाणी सुकतं आणि गटाराची वाट उघडी पडते. न वापरलेल्या नहाणीत आठवड्याला तांब्याभर पाणी ओता. महिनाभर कुलूप राहणार असेल तर पाण्यावर दोन चमचे गोडेतेल सोडा, म्हणजे पाणी लवकर उडत नाही. नहाणीवर बारीक जाळी आणि चेंबरवर घट्ट झाकण हवंच.

खरी लढाई जर्मन झुरळाशी. औषध लावण्याच्या आदल्या आठवड्यात प्रत्येक ओट्याखाली, फ्रिजमागे आणि डक्टच्या दाराशी चिकट सापळे ठेवा. सापळा भिंत आणि फरशीच्या कोपऱ्याला टेकवा, खोलीच्या मधोमध नको. झुरळं कडेकडेनेच चालतात. त्यावर तारीख आणि जागा लिहा. ज्या सापळ्यात बारीक पिल्लं जास्त, त्याच्या आसपासच झुरळांचं घर आहे.

मग जेल. जेल म्हणजे झुरळांनी खायचं विषारी आमिष. फिप्रोनिल किंवा इमिडाक्लोप्रिड या कीटकनाशकांचं जेल मिळतं. मोठा गोळा टाकू नका. मुगाच्या दाण्याएवढे थेंब, पण पुष्कळ जागी. साध्या स्वयंपाकघराला पंधरा-वीस पुरतात, खानावळीला याच्या दुप्पट-तिप्पट लागतात. थेंब कपाटाच्या बिजागरीत, ट्रॉलीच्या चॅनेलमागे, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे, मिक्सरच्या बुडाशी, फ्रिजच्या दाराच्या रबराजवळ द्या. पीठ सांडलेल्या, ओल्या किंवा तव्याच्या धगीतल्या जागी देऊ नका. तिथे जेल बिघडतं आणि झुरळं त्याला तोंड लावत नाहीत. जेल खाल्लेलं झुरळ लगेच मरत नाही, बिळात जाऊन मरतं. त्याची विष्ठा आणि मढं खाऊन बाकीचीही मरतात. दोन-तीन दिवस दिवसाढवळ्या झुरळं लडबडताना दिसली तर घाबरून स्प्रे मारू नका. स्प्रे किंवा किडे मारायचा खडू जेलजवळ लावला की झुरळं त्या जागेकडे फिरकत नाहीत आणि सगळी मेहनत फुकट जाते. सगळ्यात जास्त ठिकाणी काम इथेच बिघडतं.

मादी अंड्यांची पिशवी अंगालाच धरून फिरते. एका पिशवीत तीस-चाळीस अंडी. पिशवीत औषध शिरत नाही, म्हणून पहिल्या फेरीनंतरही पिल्लं निघतात. पंधरा दिवसांनी दुसरी फेरी आणि महिन्याने तिसरी, हे आधीच ठरवून घ्या. सुकलेलं जेल खरवडून नवं लावा. काही महिन्यांनी झुरळं दाद देईनाशी झाली तर दुसऱ्या औषधाचं जेल आणा.

जेलच्या जोडीला पाणी तोडा. आपल्याकडे पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी पिंपं आणि टाक्या भरलेल्या असतात. झाकण घट्ट लावा, खालची ओल पुसा, सिंकची गळती त्याच दिवशी दुरुस्त करा. अन्नाविना झुरळ आठवडेच्या आठवडे काढतं, पाण्याविना लवकर संपतं. रात्री खरकटं आणि ओला कचरा आत ठेवू नये. जेल आहे तिथे फिनाईलने पुसू नका, साध्या ओल्या फडक्याने बाजूबाजूने पुसा.

डक्टमध्ये पाइप शिरतात ती भोकं पांढऱ्या सिमेंटने किंवा एम-सीलने बुजवा. मजल्यांमधली मोठी भोकं आधी, आतल्या बारीक फटी झुरळं कमी झाल्यावर. झुरळं असताना फट बंद केली तर ती भिंतीतून दुसरीकडे निघतात.

पेस्ट कंट्रोलवाल्याकडे परवाना मागा. कीटकनाशक कायद्यानुसार तो लागतो. कोणतं औषध, कुठे, कोणत्या तारखेला, हे कागदावर घ्या. खाद्यपदार्थांच्या व्यवसायाला अन्नसुरक्षेच्या तपासणीत ही नोंद दाखवावी लागते.

शेवटचं, माल. पुठ्ठ्याच्या खोक्यांच्या घड्यांत आणि शेंगदाण्याच्या पोत्यांच्या शिवणीत झुरळं लपून येतात. खोकी बाहेरच रिकामी करून त्याच दिवशी भंगारात द्या, पोती भिंतीपासून वीतभर दूर फळीवर रचा. इमारत साफ झाली तरी डक्टच्या दाराशी एक सापळा कायम ठेवा आणि दर महिन्याला बघा.