सीएसआरच्या बजेटमध्ये केअरगिव्हरचा पगार कुठे लिहायचा

ऑटिझम असलेल्या प्रौढांसाठी डे सेंटर किंवा ग्रुप होम चालवताय आणि कंपन्यांकडे सीएसआर (कंपन्यांनी समाजकार्यासाठी द्यायचा निधी) मागताय ना, तर एक बघा. बजेट मागितलं की आपण केअरगिव्हर, स्पेशल एज्युकेटर सगळ्यांचे पगार 'ॲडमिन'मध्ये टाकून मोकळे होतो, मग समोरचा म्हणतो ५ टक्क्यांच्या वर ॲडमिन चालत नाही, आणि आपण गप्प. अहो, ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभाराच्या खर्चाला आहे, संस्थेच्या खर्चाला नाही, कंपनी मंत्रालयाने २०२१च्या प्रश्नोत्तरांत हे स्पष्ट सांगितलंय (एखाद्या कंपनीने स्वतःचाच वेगळा नियम केला असेल तर मात्र आधी विचारून घ्या). २८ वर्षांच्या मुलाला रोज बसने वर्कशॉपला नेणारी ताई हाच तर प्रोजेक्ट आहे, तिचा पगार प्रोजेक्ट खर्चातच लिहा, आठवड्याचे किती दिवस, किती जणांमागे एक ताई, असा हिशोब मांडून. १२ए, ८०जी या आयकराच्या नोंदण्या हाताशी असू द्या, आणि सीएसआर-१चा (कंपनी मंत्रालयाकडे संस्थेच्या नोंदणीचा) नंबर तर हवाच, १ एप्रिल २०२१पासून त्याशिवाय काम मिळत नाही. नॅशनल ट्रस्टकडे (ऑटिझमसारख्या अपंगत्वांसाठीची केंद्र सरकारची संस्था) नोंदणी असेल तर निवासी देखभालीची 'समर्थ-कम-घरौंदा' योजनाही बघा.