सोळा तास आणि चतकोर चिठ्ठ्या

सहायक प्राध्यापक म्हणून नव्याने रुजू होणाऱ्यांनी आधी यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची, २०१८ ची नियमावली वाचावी. आठवड्याचे १६ तास हे फक्त प्रत्यक्ष शिकवण्याचे. एकूण हिशोब ४० तासांचा, म्हणजे तयारी हा कामाचाच भाग. पहिल्या वर्षी मला हे कुणी सांगितलं नाही. अर्थशास्त्राचे चार पेपर, त्यावर एनएसएस, परीक्षा विभाग आणि नॅकच्या, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाच्या, फाइली. नव्या माणसाला नाही म्हणता येत नाही. तयारीला बसायचे ते रात्री अकरानंतर, आणि सकाळी जुन्या नोट्स वाचून दाखवायचे.

फॅकल्टी इंडक्शनला, म्हणजे नव्या प्राध्यापकांच्या प्रशिक्षणाला, गेले तीही कॅससाठी, म्हणजे बढतीसाठी, लागतं म्हणून. पीएचडी असेल तर पगाराची पुढची लेव्हल चार वर्षांनी, नसेल आणि एमफिलही नसेल तर सहा. मधल्या काळात हे कोर्स व्हावेच लागतात. आता ते मालवीय मिशन या केंद्राच्या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमाखाली होतात, बरेचसे ऑनलाइन. पुष्कळ जण कॅमेरा बंद ठेवून पेपर तपासतात. तसं करू नका. मला तिथे मिळालेली एकच गोष्ट आजवर पुरली आहे: तास संपताना चतकोर कागदावर ‘आज काय कळलं नाही’ एवढंच लिहून घ्यायचं, नाव न घालता.

परतल्यावर एफवायबीएला मागणीची लवचिकता शिकवली, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते ते. वक्र काढला, सूत्र दिलं, माना डोलल्या. चिठ्ठ्या उघडल्या तर एकीवर पेन्सिलीने लिहिलेलं, ‘मॅडम, उतार म्हणजे काय?’ तशाच आणखी अकरा निघाल्या. दहावीनंतर गणित सुटलेली मुलं ती. आलेख त्यांना नुसती रेघ दिसत होता आणि मी तीन आठवडे त्याच रेघेवर इमारत बांधत होते. वाईट वाटलं, फार वाटलं. दुसऱ्या दिवशी सूत्र बाजूला ठेवलं. कांदा वीसचा चाळीस झाला तर घरी किती कमी आणता, मीठ महागलं तर किती, हे मुलांनाच विचारून फळ्यावर आकडे मांडले. दोन रेघा त्यांनीच काढल्या. कुठली जास्त तिरकी, तेही त्यांनीच सांगितलं.

साठ चिठ्ठ्या वाचायला वीस मिनिटं लागतात. तेवढी मिळावीत म्हणून मी प्राचार्यांना लेखी अर्ज दिला, सोबत आठवड्याच्या कामाचा तासवार तक्ता. परीक्षेचं काम राहिलं, फाइली दुसऱ्यांकडे गेल्या. तोंडी सांगून वर्षभर काही हललं नव्हतं. तुम्ही तक्ता पहिल्या महिन्यापासूनच ठेवा.