श्वास पूर्ण मिनिटभर मोजायचा: नव्या आशाताईंसाठी

बीड जिल्ह्यातलं एक गाव आणि त्याला लागून असलेला तांडा, एवढं माझं कार्यक्षेत्र. २०१० पासून आशा, म्हणजे गावातली आरोग्य कार्यकर्ती, आहे. परवा आमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात नव्या लागलेल्या एका ताईने विचारलं, "पुस्तकात सगळं दिलंय हो, पण बाळंतिणीच्या घरात पाऊल टाकल्यावर आधी करायचं काय?" तिला ओट्यावर बसून जे सांगितलं, तेच इथे लिहिते.

बाळंतपणानंतर घरी जाऊन बाळ-बाळंतीण तपासायच्या भेटींचे दिवस तुम्हाला पाठ असतीलच: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२. बाळंतपण घरीच झालं असेल तर पहिल्या दिवशीही जायचं. सिझरची बाई आठवडाभराने घरी येते, तिची पहिली भेट सातव्या दिवसाची. माझं म्हणणं एवढंच, की बाकीची एखादी भेट दिवसभर मागेपुढे झाली तर चालवून घ्या, तिसऱ्या आणि सातव्या दिवसाची नको. नवजात बाळं दगावतात त्यातली चारातली तीन पहिल्याच आठवड्यात जातात. पाऊस असो, ग्रामसभा असो, तिसऱ्या दिवशी मी जातेच.

दारात गेल्यावर आधी सासूशी बोला. बाळंतिणीशी नंतर. त्या घरात बाळाला कधी न्हाऊ घालायचं, दवाखान्यात न्यायचं की नाही, हे बहुतेक वेळा सासू ठरवते. तिला ओलांडून आत गेलात तर पुढच्या भेटीला बाळ "आत्ताच झोपलंय" असतं. मी म्हणते, "मावशी, हात धुवायला पाणी द्या जरा." साबण माझ्याच पिशवीत असतो. मावशी तांब्याने पाणी ओतते, मी बोटांच्या बेचक्यांतून, नखांतून, मनगटापर्यंत हात धुते आणि पदराला न पुसता हवेवर वाळू देते. ते बघून ती विचारतेच, "एवढं कशाला गं?" मग सांगायला वाट मिळते. न विचारता सांगितलं की तेच भाषण होतं.

बाळ झोपलंय? उत्तम

पिशवीत घड्याळ, थर्मामीटर, झोळीचा वजनकाटा, टॉर्च असतं. नवी ताई आधी काटा काढते, कारण घरच्यांना वजनाचंच कौतुक. तसं करू नका. झोळीत घातलं की बाळ रडतं आणि रडणाऱ्या बाळाचा श्वास मोजता येत नाही. म्हणून आधी श्वास, मग ताप, मग वजन. बाळ झोपलेलं सापडलं तर उठवू नका म्हणून सांगा.

दुपटं हळूच बाजूला करा, झबलं छातीपर्यंत वर सरकवा. उजेड पोटावर पडला पाहिजे. पत्र्याच्या खोलीत अंधार असतो, दार उघडायला लावा नाहीतर टॉर्च बाजूने धरा. नजर पोटावर ठेवायची. पोट वर आलं, खाली गेलं, की एक. घड्याळ बाळाच्या पोटाजवळच धरायचं म्हणजे मान वळवावी लागत नाही. घड्याळाचा सेल गेला असेल तर मोबाइलचा टायमर चालतो, पण लावायच्या आधी स्क्रीन घरच्यांना दाखवा. एका घरी मी बाळाचा व्हिडिओ काढते असं वाटून आजोबा उठून उभे राहिले होते.

आणि मोजायचं ते पूर्ण साठ सेकंद. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही. हे मी माझ्या चुकीतून शिकले. २०१३ साली पोलिओची मोहीम होती, माझी अजून चाळीस घरं राहिलेली. सातव्या दिवसाच्या बाळाचा श्वास अर्धा मिनिट मोजला, २६ आले, फॉर्मवर ५२ लिहिलं आणि निघाले. नवजात बाळ घड्याळासारखा श्वास घेत नाही. भराभर घेतं, मधेच पाच-सहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू करतं. माझ्या अर्ध्या मिनिटात नेमका तो थांबा आला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याची आजी मला शोधत पाणवठ्यावर आली: "पोरगं अंगावर पिईना, पोट उडतंय." जाऊन मोजलं तर ६८. बरगड्यांखाली दर श्वासाला खड्डा पडत होता. गाडी बोलावली, जिल्ह्याच्या ठिकाणी नवजात कक्षात ते नऊ दिवस होतं. वाचलं. आता सातवीत आहे, रस्त्यात भेटलं की "मावशी" म्हणून हाक मारतं आणि मला दर वेळी तो ५२ चा आकडा आठवतो.

तर: ६० च्या आत असेल तर ठीक. ६० किंवा जास्त आले तर पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजा. दुसऱ्यांदाही तेच आले तर पाठवायचं, "उद्या बघू" नाही. बरगड्यांखाली खड्डा पडत असेल तर दुसऱ्यांदा मोजत बसायचीही गरज नाही. आमच्याकडे याला डब्बा झाला म्हणतात आणि पोटाला बिब्बा लावणारे, चटका देणारे अजून आहेत. त्यांच्याशी वाद घालू नका, वेळ जातो. घरच्यांनाच पोटावर नजर ठेवायला लावा, खड्डा दाखवा. एकदा डोळ्यांनी दिसला की गाडीसाठी तेच फोन करतात.

गरम आहे का, हे हाताने आधी

थर्मामीटर लावण्याआधी हाताची मागची बाजू बाळाच्या पोटाला आणि मग तळपायाला लावा. दोन्ही ऊबदार असतील तर बरं. पोट गरम आणि पाय गार, म्हणजे बाळ गारठायला लागलंय. दोन्ही गार, म्हणजे धोका. मग थर्मामीटर काखेत, दंड अंगाशी दाबून, टीं टीं वाजेपर्यंत. ९७ ते ९९ च्या दरम्यान यायला हवं. ९९ च्या वर जात असेल तर आधी बघा बाळाला किती गुंडाळलंय. एप्रिलमध्ये स्वेटर, कुंची आणि दोन दुपटी घातलेली बाळं मी पाहिली आहेत. कपडे कमी करून अर्ध्या तासाने पुन्हा मोजा. तरी तापच असेल तर दवाखाना. ९५ च्या खाली असेल तर छातीशी धरूनच दवाखाना.

लोक तापाला घाबरतात, गारठ्याला नाही. आपल्याकडे उन्हाळा असतो ना, मग बाळ गार कसं पडेल, असं त्यांना वाटतं. जन्मल्या दिवशी अंघोळ घातली, ओल्या केसांनी पंख्याखाली ठेवलं, की मे महिन्यातही पडतं. पहिली अंघोळ किमान एक दिवस पुढे ढकलायची. दोन किलोच्या आतलं बाळ असेल तर वजन वाढेपर्यंत नुसतं कोमट फडक्याने पुसायचं.

वजन घेताना रिकामी झोळी अडकवून काटा शून्यावर आणायचा, मग बाळ ठेवायचं. झोळीचं वजन बाळाच्या खात्यात गेलं तर २४०० ग्रॅमचं बाळ २५०० चं होतं आणि जोखमीच्या यादीतून सुटतं. काटा डोळ्यांच्या रेषेत, बाळ अंथरुणाच्या वर वीतभरच. पहिल्या तीन-चार दिवसांत वजन थोडं उतरतं, त्याने घाबरू नका, घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा. नाहीतर "हिला दूधच नाही" म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली घरात येते. दहा ते चौदा दिवसांत जन्माचं वजन परत यायला हवं. पुढे रोज वीस-तीस ग्रॅम.

कमी वजनाच्या बाळाला काय करायचं, तर छातीला बांधायचं. कांगारू पद्धत म्हणतात ती. लंगोट, टोपी आणि मोजे एवढंच अंगावर ठेवून बाळ आईच्या उघड्या छातीवर दोन स्तनांच्या मधे उभं धरायचं, मान एका बाजूला वळवलेली, नाक मोकळं, पाय बेडकासारखे. वरून जुनं सुती लुगडं गुंडाळून गाठ मारायची. आई टेकून बसली तरी चालते. जितका जास्त वेळ होईल तितकं चांगलं, अधूनमधून दहा मिनिटं धरून उपयोग नाही.

तांड्यावरच्या एका घरी १९०० ग्रॅमची मुलगी होती आणि आईच्या अंगात ताप. मी बापाला म्हटलं, "दादा, शर्ट काढा." तो माझ्याकडे, मग आपल्या आईकडे बघायला लागला. सासू हसली, म्हणाली, "काढ की, तुझीच हाय." दोन तास तो भिंतीला टेकून हलला नाही, माशी बसली तरी हात उचलला नाही. दुसऱ्या दिवशी गेले तर तो स्वतःच सांगत होता की माझ्याकडे असली की रडत नाही. बापाला जमतं, आजीलाही जमतं.

शेक, गुटी आणि बाकीचं

शेकशेगडीला सरळ "बंद करा" म्हणून उपयोग नाही. बाळंतिणीला ऊब लागतेच, पण बंद खोलीतला धूर बाळाच्या छातीत जातो. मी तडजोड करते: निखारे बाहेर फुलवायचे, धूर सरला की आत आणायचे, दार उघडं ठेवायचं आणि तेवढा वेळ बाळ आजीकडे ओसरीवर. ओवा-वेखंडाची धुरी बाळाला नाही. टाळूला तेल लावा, पण नाकात, कानात, बेंबीत नको. बेंबीला हळद, राख, शेण, पावडर काहीच नाही. कोरडी ठेवा, नाळ आपोआप गळते. नवजात बाळाची छाती कधी कधी सुजल्यासारखी दिसते, बाया ती पिळतात. पिळू नका, तिथे पू होतो.

चीक पिळून टाकणं आता आमच्याकडे बरंच कमी झालंय. गुटी आणि मध मात्र जात नाहीत. सहा महिने पाणीसुद्धा नको, हे मी उन्हाळ्यात प्रत्येक घरी पुन्हा नव्याने सांगते. मध चाटवायचाच असा हट्ट असेल तर मी म्हणते, आत्याच्या बोटाला लावा आणि आत्यालाच चाटू द्या. हसतात आणि बऱ्याचदा ऐकतात.

दूध पुरतंय का, हे आईच्या छातीवरून ओळखू नका. लंगोट मोजा. पाचव्या दिवसानंतर दिवसरात्र मिळून सहा वेळा तरी शू झाली की पुरतंय. मग पाजताना समोर बसून बघा: तोंड मोठं उघडलेलं, हनुवटी स्तनाला टेकलेली, काळा भाग बराचसा आत. नुसतं बोंड तोंडात असेल तर चिरा पडतात, दुखतं म्हणून आई पाजणं टाळते, मग पान्हा आटतो. ओढायला ताकद नसेल तर दूध पिळून वाटी-चमच्याने.

बाळ पिवळं दिसतंय का, हे दारात उजेडाला नेऊन बघा, कपाळावर बोट दाबून उचला. तळहात-तळपाय पिवळे असतील, किंवा पहिल्याच दिवशी पिवळेपणा आला असेल, तर त्याच दिवशी दवाखाना. कोवळ्या उन्हात धरून ठेवणं हा त्यावर इलाज नाही.

बाळाच्या नादात बाळंतीण राहून जाते. तिला एकटीला विचारा, सासूला चहा टाकायला सांगून. तासाभरात घडी भिजून बदलावी लागतेय का, अंगावरून जाणाऱ्याला घाण वास आहे का, ताप, डोकं ठणकून डोळ्यांपुढे अंधारी, झटका. यातलं एकही असेल तर थांबायचं नाही. लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतरही १८० आहेत. पाकीट मागून बघा, "घेते की" वर जाऊ नका.

"तू काय डॉक्टर आहेस का?" हे ऐकावं लागेल. मला एका दिराने विचारलं होतं. आपण हे जे करतो, ते गडचिरोलीतून आलंय. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने ३९ गावांत आपल्यासारख्याच थोडं शिकलेल्या बायांना घरी जाऊन बाळ तपासायला शिकवलं आणि तिथला नवजात मृत्यूदर ६२ टक्क्यांनी खाली आला. १९९९ साली ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. दिराला मी हे सगळं सांगितलं नाही, नुसतं बाळाचं पोट दाखवलं. पण रात्री घरी परत येताना मला ते माहीत असलेलं बरं वाटतं. सहा भेटींचे मिळून २५० रुपये, त्यात दुसरं काय बरं वाटणार!

पाठवायची वेळ आली तर पाठवायचं कसं, हे आठव्या महिन्यातच ठरवून ठेवा: गाडी कोणाची, बरोबर कोण, घरातल्या बाकीच्या पोरांकडे कोण. रुग्णवाहिकेचे नंबर, १०२ आणि १०८, भिंतीवर कोळशाने लिहून ठेवा. फोनवर आधी गाव आणि खूण सांगा, मग बाळ किती दिवसांचं, मग काय होतंय. सरकारी दवाखान्यात आजारी बाळाचा उपचार आणि नेण्या-आणण्याची गाडी मोफत आहे, वर्षभरापर्यंत; हे घरच्यांना माहीत नसतं, ते व्याजाने पैसे काढायला जातात. गाडी येईपर्यंत बाळ छातीशी, ओढत असेल तर पाजत राहायचं. माता-बाल कार्ड बरोबर.

आमच्याकडची शेवटची अडचण ऊसतोडीची. दिवाळीच्या सुमारास गाड्या निघतात आणि वीस-पंचवीस दिवसांची बाळंतीण कोयत्यावर जाते. मुकादमाकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, थांब म्हणून उपयोग नसतो. अशा बाईच्या उरलेल्या भेटी कागदावर बुडतात. मी निघायच्या आदल्या दिवशी जाते. माता-बाल कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तिच्या कपड्यांच्या गाठोड्यात माझ्या हाताने ठेवते, दीड महिन्याच्या लशीची तारीख पेनने गोल करते, आणि कुठल्याही गावच्या उपकेंद्रात हे कार्ड चालतं हे नवऱ्यासमोर सांगते. कारखाना कोणता, गाव कोणतं, हे लिहून घेते आणि आम्हा आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तक ताईंकडे देते, त्या तिकडच्या आशाला कळवतात. मुकादमाचा नंबरही घ्या. फडात बाईचा फोन चार्ज नसतो, मुकादमाचा असतो.