‘कॉन्शस, ओरिएंटेड’ लिहिण्याआधी

रेसिडेन्सीच्या पहिल्या वर्षी एका पेशंटच्या केसपेपरवर मी ‘कॉन्शस, ओरिएंटेड’ (शुद्धीवर, भान ठीक) लिहून मोकळा झालो. दोन दिवसांचा ताप, मान सैल, कर्निग (पाय सरळ करून मेंदूच्या आवरणाची सूज तपासायची खूण) निगेटिव्ह, हातापायांत ताकद. नाव विचारलं, त्याने बरोबर सांगितलं. बायको मात्र सारखी म्हणत होती, "हे असे नाहीत हो. काल चपला फ्रीजमध्ये ठेवल्या." मी ते तापावर ढकललं. रात्री फिट आली. एमआरआयमध्ये टेम्पोरल लोबला (मेंदूच्या कानाजवळच्या भागाला) सूज होती. एन्सेफलायटिस, म्हणजे मेंदूची सूज.

मान ताठ नाही म्हणजे मेंदूचं काही नाही, हा माझा गैरसमज. ताठ मान सांगते मेंदूच्या आवरणाबद्दल. एन्सेफलायटिसमध्ये सूज मेंदूलाच असते, त्यामुळे मान सैलही असू शकते. खरी खूण म्हणजे 24 तास किंवा जास्त टिकलेला वागण्यातला, शुद्धीतला बदल. ताप, नवी फिट, एका बाजूची कमजोरी यांनी संशय पक्का होत जातो.

नाव-गाव विचारून हा बदल सापडत नाही. वर्षाचे महिने उलटे म्हणायला लावा. तीन शब्द देऊन पाच मिनिटांनी विचारा. पेन दाखवा, घड्याळ दाखवा, मग घड्याळाचा काटा. हर्पिस विषाणूच्या एन्सेफलायटिसमध्ये शब्द अडायला लागतात आणि आपण त्याला ‘बरळतोय’ म्हणून सोडून देतो. (माझा पेशंट काट्याला ‘ते फिरणारं’ म्हणाला असता, असं आजही वाटतं. मी विचारलंच नव्हतं.)

मग नुसतं बघा. ओठाचा कोपरा किंवा पापणी लयीत फडफडतेय का? झटके न दिसताही फिट चालू असू शकते. तोंडाच्या विचित्र हालचाली आणि अचानक आलेलं ‘वेड’ एकत्र दिसलं, विशेषतः तरुण मुलीत, तर ऑटोइम्यून प्रकार (प्रतिकारशक्तीच मेंदूवर उलटते तो) डोक्यात हवा. डोळे मिटून हात पुढे धरायला सांगा, एक खाली घसरतो का पाहा. फंडस (डोळ्याचा मागचा पडदा) पाहा. कपडे काढून काखा, जांघा तपासा. स्क्रब टायफसचा (बारीक किड्याच्या चाव्याने होणाऱ्या तापाचा) काळा, न दुखणारा व्रण तिथेच लपतो. साखर तर सगळ्यांत आधी.

संशय आला की लगेच सीनिअरला उठवा. असायक्लोव्हिर (हर्पिसवरचं औषध) एमआरआयच्या रिपोर्टसाठी थांबवायचं नसतं.

आणि दोन तासांनी परत जा. ही माणसं सकाळी गप्पा मारतात आणि दुपारी मुलाला ओळखत नाहीत.